लाल दिव्यापाशी पाय टेकवताना

सायकलवाल्यानं लाल दिव्याला थांबावं का, यावर आमच्या फाट्यावरच्या चहाच्या टपरीत अधूनमधून वाद पेटतो. माझं मत सगळ्यांना पाठ आहे. थांबावं. रस्ता रिकामा दिसत असला तरी, पोलीस नसला तरी आणि कायद्याच्या पुस्तकात सायकलचं नाव स्पष्ट लिहिलेलं नसलं तरीही. पण हे मत मी जितक्या ठामपणे सांगतो, तितक्याच ठामपणे आणखी एक गोष्टही सांगतो. ज्या दिव्यापुढं सायकलवाल्यानं थांबायचं, त्या दिव्यानंही सायकलवाल्याचा हिशेब धरला पाहिजे. आज तो धरत नाही. हे दोन्ही मुद्दे वेगळे काढले की वाद भरकटतो.

आमचा फाटा वडकी आणि पांढरकवड्याच्या मध्ये कुठंतरी आहे. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आमचं गाव आणि आमची शाळा यांच्या मधून जातो. जुनी माणसं त्याला अजून सात नंबरच म्हणतात. तो दुपदरी होता तेव्हा बैलगाडी आडवी घातली की ट्रकवाला कुरकुरत का होईना थांबायचा. चौपदरी झाल्यावर कुरकुरायलाही कुणी थांबेनासं झालं. नागपुराकडून हैदराबादला निघालेले कंटेनर आणि ट्रेलर, कापसाच्या दिवसांत जिनिंगकडं जाणाऱ्या फुगलेल्या गाड्या, करंजीला वणीच्या रस्त्यानं येऊन मिळणारी जड वाहतूक, या सगळ्यांमधून शेतावर जाणारा गडी, दूधवाले, शाळेच्या पोरी आणि फवारणीचा पंप पाठीवर घेतलेली माणसं रोज रस्ता ओलांडतात. कितीतरी वर्षं तिथं फक्त पिवळा लुकलुकणारा दिवा होता. नियमानं त्याचा अर्थ वेग कमी करा आणि जपून जा, असा आहे. वेग कमी करणारे फार थोडे होते. अर्ज गेले, निवेदनं गेली, दोन वेळा रास्ता रोको झाला, आणि शेवटी लाल-हिरवा सिग्नल बसला.

सिग्नल बसल्यावर पहिला प्रश्न आमच्या दूधवाल्या काकाजींनी विचारला. दांड्याच्या जुन्या काळ्या सायकलवर दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन लावून ते सकाळ-संध्याकाळ फाट्यापलीकडच्या संकलन केंद्रावर जातात. ते म्हणाले, "सर, मले एक सांगा. लाल दिवा हाय, इकडून कोणी येऊन नाई रायलं, तिकडून कोणी येऊन नाई रायलं. मंग म्या कायले थांबाव? दूध नासलं तं दिवा भरून देनार हाय का?"

हा प्रश्न हसून सोडून देण्यासारखा नाही. काकाजी कायद्याच्या बाजूनंही अगदीच चूक नाहीत. मोटार वाहन कायदा १९८८चा आहे आणि वाहतुकीच्या खुणा पाळण्याचं बंधन तो मोटार वाहनाच्या चालकावर घालतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर लाल दिवा तोडणं हे धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं, पण ते कलमही मोटार वाहनापुरतंच आहे. सायकल त्या व्याख्येत बसत नाही. म्हणून सायकल कायद्याबाहेर आहे असं मात्र नाही. रस्त्यावरच्या सगळ्याच वाहतुकीचं नियमन करण्याचा अधिकार पोलिसांना आहे, आणि बेदरकारपणे वाहन हाकून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याबद्दलचं फौजदारी कलम सायकललाही लागू शकतं. काकाजींच्या तरुणपणी तर सायकलचा धाक आजच्यापेक्षा जास्त होता. सायकलला कराचा बिल्ला लावावा लागायचा, रात्री दिवा नसला किंवा डबल सीट दिसली की हवालदार चाकाची हवा सोडायचा. ते दिवस आठवून काकाजी म्हणतात, तेव्हा ट्रक कमी होते आणि सायकलीला शिस्त होती. आता ट्रकच ट्रक झाले आणि सायकलकडं कुणी बघतही नाही. त्यांचं हे निरीक्षण मला कुठल्याही कलमापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

पण त्यांचा खरा मुद्दा कायद्याचा नाहीच, पायांचा आहे. मी नववीच्या वर्गात गतिज ऊर्जा शिकवतो, तेव्हा काकाजींच्याच सायकलचं गणित फळ्यावर मांडतो. सायकल २० किलो, माणूस ६० किलो, दूध आणि कॅन मिळून ४५ किलोच्या आसपास. ताशी १२ किलोमीटर वेगानं चाललेली ही सायकल पूर्ण थांबवली आणि पुन्हा त्याच वेगावर आणली, तर लागणारी ऊर्जा हे सगळं १२५ किलोचं ओझं पावणेदोन फुटांहून जरा जास्त वर उचलण्याइतकी असते. मोटारसायकलवाला मनगट पिळतो, ट्रकवाला पाय दाबतो. त्यांचं ओझं डिझेल-पेट्रोल उचलतं. सायकलवाल्याचं ओझं त्याच्या मांड्या उचलतात. त्यात मे महिन्याचं ऊन धरा. आमच्याकडं पारा ४५ अंशांवर जातो आणि चौपदरीकरणात कडेची कडुनिंबाची झाडं गेली, त्यामुळं सिग्नलपाशी हातभर सावली नाही. वातानुकूलित गाडीत बसलेल्या माणसाला एक मिनिट थांबणं आणि डांबराच्या धगीत एक पाय टेकवून एक मिनिट थांबणं, दोन्ही घड्याळात सारखंच असलं तरी अंगाला सारखं नसतं. ज्यांनी हे कधी भोगलं नाही त्यांनी सायकलवाल्याला शिस्तीवर व्याख्यान देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

जगात हा विचार झालेला आहे. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यानं १९८२ मध्येच सायकलस्वारांना सवलत दिली. लाल दिव्यापाशी सायकल पूर्ण थांबवायची, दोन्हीकडं बघायचं, कुणाची पाळी मोडत नसेल तर दिवा लाल असतानाही पुढं जायचं. त्यामागं किरकोळ वाहतूक खटल्यांनी न्यायालयं तुंबू नयेत हाही हेतू होता. पॅरिसमध्ये २०१२ला प्रयोग सुरू झाला आणि २०१५ला तो वाढवला गेला. तिथं सिग्नलच्या खांबावर सायकलचं चित्र असलेला छोटा त्रिकोणी फलक असेल, तर ठरवून दिलेल्या दिशेनं, बहुधा उजवीकडं वळताना, सायकलवाला लाल दिव्यातून जाऊ शकतो. मात्र पायी चालणाऱ्याला आणि इतर वाहनांना आधी वाट द्यायची. तिथली वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, म्हणजे तिथलं उजवं वळण आपल्या डाव्या वळणासारखं. हे सगळं मी टपरीवर सांगितलं, तेव्हा काकाजी खूश झाले. "म्हंजे तुमचे गोरे लोक बी माह्यासारखेच," म्हणाले.

मला या सवलती योग्य वाटतात, त्यांच्या जागी. पण आमच्या फाट्यावर मी त्या मागणार नाही.

कारण "कोणी येऊन नाई रायलं" हे डोळ्यांनी ठरवायचं असतं, आणि महामार्गावर डोळा फसवतो. गावातल्या गल्लीत किंवा शहरातल्या चौकात गाडी ताशी ३० किलोमीटरनं येते तेव्हा माणसाचा अंदाज बरा लागतो. ताशी ८० किलोमीटरनं येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर कापते. रस्ते आखणारे अभियंते या वेगासाठी धरतात की चालकाला किमान १२० मीटर पुढचं दिसलं पाहिजे, तेव्हा कुठं त्याला अडथळा बघून थांबता येतं. आता समोरून सरळ आपल्या दिशेनं येणारा ट्रक लांबून जवळजवळ उभाच वाटतो. तो मोठा होत जातो, पण सरकताना दिसत नाही. संध्याकाळी शेतावरून परतताना धूळ असते, पौष-माघात सकाळी धुकं असतं, रात्री पांढऱ्याफेक दिव्यांनी डोळे दिपतात. आणि रस्ता एक नाही, दोन आहेत. अलीकडचा पट्टा रिकामा बघून निघालेला माणूस दुभाजकापाशी पोचतो, तोवर पलीकडच्या पट्ट्याचं चित्र बदललेलं असतं.

देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यात साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. राष्ट्रीय महामार्ग हे देशातल्या एकूण रस्त्यांच्या लांबीत दोन टक्क्यांच्या आसपास आहेत, पण मृत्यूंमध्ये त्यांचा वाटा एक तृतीयांशाहून मोठा आहे. फाट्यावरच्या माणसाला हे आकडे नवे नाहीत, त्याला त्यातली नावं माहीत असतात.

याच्याही पलीकडचं एक कारण आहे, आणि माझ्या मतासाठी तेच सगळ्यात मोठं. ताशी ६० किलोमीटरनं येणाऱ्या ४० टनी ट्रेलरची गतिज ऊर्जा काकाजींच्या दुधाच्या सायकलच्या सुमारे ८,००० पट असते. या दोघांमध्ये रस्ता वाटून द्यायची ताकद कुणात आहे? हॉर्न मोठा त्याचा, टायर मोठे त्याचे, घाई मोठी त्याची. सायकलवाल्याच्या घंटीकडं बघून तो थांबणार नाही. तो थांबतो फक्त त्या लाल दिव्याकडं बघून. आमच्या फाट्यावर गावाच्या बाजूनं उभी असलेली ही एकच वस्तू आहे. ती कमजोर आहे, कारण तिच्यात अडवण्याचं बळ काहीच नाही. सगळे मानतात एवढंच तिचं बळ. आपण गावकरीच दिवसभर तिला न मानता इकडून तिकडं करत राहिलो, तर लांबचा ड्रायव्हर फाट्यावर पोचताना काय शिकतो? इथं दिवा नावापुरता आहे. रात्रभर गाडी हाकून आलेला, पुढं हैदराबादची वेळ गाठायची असलेला माणूस तो. त्याला एवढं निमित्त पुरतं.

रस्त्यावरचा सिग्नल मुळात मोटारगाड्यांसाठी जन्मालाच आला नव्हता. लंडनमध्ये संसदेच्या इमारतीबाहेर १८६८च्या डिसेंबरात पहिला सिग्नल उभा राहिला, तेव्हा मोटारी रस्त्यावर यायच्या होत्या. घोडागाड्यांच्या गर्दीतून पायी चालणाऱ्यांना सुखरूप ओलांडता यावं म्हणून तो बसवला होता. गॅसवर चालायचा, पोलीस तो हातानं फिरवायचा, आणि १८६९च्या जानेवारीत गॅस गळून त्याचा स्फोट झाला. प्रयोग फसला, पण हेतू मला फार प्रिय आहे. मोठ्या गाडीला थांबवून छोट्याला वाट देणं, हे त्या दिव्याचं पहिलं काम होतं.

आता पोरींचं सांगतो. आमच्या शाळेतल्या बऱ्याच मुलींकडं मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकली आहेत. आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना त्या मिळतात. या सायकलींनी आमच्या भागात काय केलं ते प्रत्यक्ष बघावं लागतं. आठवीनंतर घरी बसणाऱ्या पोरी दहावीला बसू लागल्या. त्यांच्या आयांनी कधी पायडलवर पाय ठेवला नव्हता. पण सायकल मिळाली म्हणजे रोज दोन वेळा महामार्ग ओलांडणंही मिळालं. या पोरी झुंडीनं येतात. पुढची निघाली की मागच्या सगळ्या निघतात, दिव्याकडं एकही बघत नाही. पुढचीच्या वेणीकडं बघतात. पुढची एकटी असती तर कदाचित निभावलं असतं, पण तिच्यामागं सहा जणी असतात आणि सहावीला पुरेल एवढी मोकळीक रस्त्यात नसते. मोठ्या माणसानं लाल दिव्यात सायकल घातली की त्याचा हिशेब त्याच्यापुरता बरोबर असेलही. त्याच्याकडं बघून निघालेल्या मुलीचा हिशेब मात्र त्यानं केलेला नसतो. म्हणून काकाजींना मी हात जोडून म्हणालो होतो, तुमच्यासाठी नाही, या पोट्ट्यांसाठी थांबा. ते काही बोलले नाहीत, पण शाळा भरायच्या वेळेला त्या दिवसापासून ते थांबतात.

थांबायचं हे ठरलं. पण कुठं थांबायचं, हा प्रश्न त्याहून अवघड आहे आणि त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. आपल्याकडं ट्रकचा ड्रायव्हर उजवीकडं बसतो. केबिनच्या डाव्या दाराला लागून आणि त्याच्या जरा मागं जी जागा असते, ती त्याला आरशातही नीट दिसत नाही. आणि सायकलवाला नेमका तिथंच थांबतो, कारण लहानपणापासून त्याला शिकवलेलं असतं की डावी कड धर. दिवा हिरवा होतो, ट्रक डावीकडं वळतो, त्याचं पुढचं टोक मोठा वळसा घेतं पण मागची चाकं आतून, कड कापत येतात. या एका कारणानं नियम पाळून उभा असलेला माणूसही मरतो. मी मुलींना एकच सांगतो, मोठ्या गाडीच्या बाजूला थांबायचंच नाही. एकतर तिच्या पुढं, ड्रायव्हरच्या काचेतून तुमचं डोकं दिसेल एवढं पुढं, नाहीतर पूर्ण मागं. दोन्ही जमत नसेल तर सायकलवरून उतरा, हातात धरा आणि पायी चालणाऱ्यांसारखी न्या. ज्या देशांत सायकलची कदर आहे तिथं थांबारेषेच्या पुढं सायकलसाठी वेगळी चौकट रंगवलेली असते. मोटारी मागच्या रेषेवर थांबतात, सायकली पुढच्या चौकटीत. याला पूल लागत नाही, भुयार लागत नाही. रंगाचा डबा लागतो.

आणि दिव्याची वेळ. विद्यार्थ्यांना घेऊन मी पट्टीनं रस्ता मोजला. थांबारेषेपासून पलीकडच्या काठापर्यंत जवळपास ३० मीटर भरतो. ओझं लादलेली सायकल चालती असली तरी ताशी १० किलोमीटरनं तिला हे अंतर कापायला ११ सेकंद लागतात; जागेवरून सुटायची असेल तर आणखी जास्त. पिवळा दिवा तीन सेकंदांचा. तीन सेकंदांत मोटार तो सगळा चौक ओलांडून जाते, सायकल आठ मीटर जाते. म्हणजे हिरव्याच्या शेवटच्या क्षणी, पूर्ण नियमानं रस्त्यात शिरलेला सायकलवाला पिवळा संपतो तेव्हा अजून पहिल्याच पट्ट्यात असतो. तिकडं महामार्गाला हिरवा मिळतो. थांबलेला ट्रक सावकाश सुटतो, त्याची मला तेवढी भीती वाटत नाही. भीती वाटते ती मागून रिकाम्या लेननं येणाऱ्या गाडीची, जी लांबूनच हिरवा झालेला बघते आणि ब्रेकवरचा पाय काढते. त्या क्षणी रस्त्याच्या मध्ये असलेल्या बाईनं काय गुन्हा केला? तिनं तर दिवा पाळला होता. सिग्नलच्या आतलं घड्याळ कुणीतरी मोटारीच्या चालीनं लावलं, एवढंच तिचं नशीब.

यावर उपाय अवघड नाही. एका बाजूचा हिरवा संपला आणि दुसऱ्या बाजूचा लागायचा असला, तर मध्ये काही सेकंद सगळीकडं लाल ठेवता येतो. आजही तो असतो, पण मोटारीपुरता. तो सायकलच्या चालीनं मोजला तर सात-आठ सेकंद वाढतील. त्या सात-आठ सेकंदांनी श्रीनगर ते कन्याकुमारी प्रवास कुणाचा बुडणार आहे?

पहाटेचा प्रश्न उरतोच. चार-साडेचारला काकाजी निघतात तेव्हा फाटा खरोखर सुनसान असतो आणि लाल दिवा त्यांच्याकडं बघत दीड मिनिट जळत राहतो. इथं मी त्यांच्याशी भांडत नाही. रहदारी नसलेल्या वेळेत सिग्नल लुकलुकता ठेवायची सोय असते. महामार्गाला पिवळा आणि गावच्या रस्त्याला लाल, असा लुकलुकता ठेवायचा. लुकलुकत्या लालाचा अर्थ थांबा, बघा आणि मोकळं असेल तर जा, असा होतो. म्हणजे आयडाहोतल्या सायकलवाल्याला जे मिळालं, ते काकाजींना पहाटे कायद्यात बसून मिळेल. माणसाला रोज न पटणारा नियम मोडायला लावण्यापेक्षा, पटणारा नियम त्या खांबावर लावावा.

हे सगळं ग्रामसभेत मांडलं. चर्चा लांबली, मध्येच विषय पाणंद रस्त्यावर गेला, कुणीतरी दुभाजक फोडून केलेल्या कटाची बाजू घेतली, त्यावरून थोडी तणतणही झाली. तो कट बुजला पाहिजे या मताचा मी आहे, पण त्या माणसाला शेतावर जायला पलीकडून तीन किलोमीटरचा फेरा पडतो हेही खरं आहे, आणि भुयारी वाट होईपर्यंत त्याला नुसतं चूक म्हणून भागणार नाही. शेवटी काकाजी उठले. म्हणाले, "म्या थांबतो. रोज थांबतो. पन हिरवा होयाच्या टायमाले आमाले दोन-तीन सेकंद आधी सोडाव. ट्रकच्या आधी. मंग पाय बी जमते अन् थो ट्रकवाला आमाले पायते बी."

त्यांनी हे स्वतःच्या डोक्यानं काढलं. पायी चालणाऱ्यांना आणि सायकलींना काही सेकंद आधी हिरवा देण्याची पद्धत जगातल्या अनेक शहरांत आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. ४५ किलोचं ओझं घेऊन त्या रेषेवरून रोज सुटणाऱ्या माणसाला ते सुचणारच.

ठरावात आम्ही पाच गोष्टी लिहिल्या. सगळीकडं लाल राहण्याची वेळ ३० मीटर आणि सायकलची चाल धरून वाढवा. थांबारेषेपुढं सायकलची चौकट रंगवा. गावच्या रस्त्याचा दिवा हिरवा होताना सायकलींना आणि पायी चालणाऱ्यांना तीन सेकंद आधी सोडा. रात्री अकरा ते पहाटे पाच दिवा लुकलुकता ठेवा. दोन्ही काठांना कडुनिंब लावा आणि ते मोठे होईपर्यंत सावलीची ताडपत्री टाका. ठरावाच्या मागं मुलांनी काढलेला चौकाचा नकाशा आणि मोजमापं जोडली आहेत. अर्ज महामार्गाच्या कार्यालयात पोचल्याची पोच आमच्याकडं आहे. सीतादहीच्या, म्हणजे कापूस वेचणीच्या पूजेच्या, सुमारास कापूस घरात येऊ लागतो आणि फाट्यावर गाड्यांची रांग लागते, त्याच्या आत निदान चौकट आणि वेळेचं काम व्हावं म्हणून पुढच्या सोमवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत. या वेळी काकाजी दूध पोचवून सोबत येतो म्हणाले आहेत.